आणखी एक चिमूट

सायरबाईंच्या घरात आधी मुंग्यांना पीठ, मग पारव्यांना ज्वारी आणि त्यानंतर माणसांना चहा. सासूबाईंपासून चालत आलेला हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. त्यामुळे हॉलंडला नोकरीवर निघताना मननने आपली माशांची टाकी त्यांच्या हवाली केली आणि बजावलं, "मम्मी, खायला दिवसातून एकदाच, चिमूटभर," तेव्हा सायरबाईंनी मान हलवली. नुसतीच हलवली.

टाकी होती जेमतेम दोन हात लांब, पण पाणी समुद्राचं, म्हणजे खास मीठ विरघळवून केलेलं. आत पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, चार दगड, आणि एका दगडावर मननने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं जिवंत पोवळं. सायरबाईंना पोवळं ठाऊक होतं ते सराफाकडच्या अंगठीतलं. हे मात्र दिवा लागला की जांभळी बोटं उघडून डुलायचं, म्हणून हे समुद्रातलं एखादं फूल असावं, असं त्यांनी धरलं होतं. सायरबाईंचे यजमान घेवरचंद यांचं पाइप-फिटिंगचं दुकान. ते कुरकुरायचे, "जळगावच्या मे महिन्यात आम्हाला कूलर आणि माशांना एसी!" पण दुकानात जाण्याआधी तो एसी तेच लावून जायचे.

मननचा फोन यायचा रविवारी, तोही आला तर. "बरी आहेस ना? पप्पा गोळी घेतात ना? चल, ठेवतो." उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत त्याचे प्रश्न संपलेले असायचे. मग सायरबाई फोनची काच पदराने पुसून ठेवून द्यायच्या. त्यांना त्याच्याकडून काही नको होतं. त्याचा आवाज हवा होता, आणि तो थोडा जास्त वेळ हवा होता.

पावसाळा लागला आणि टाकीत शेवाळ धरलं. आधी वाळूवर तपकिरी पूड, मग दगडांवर हिरवे केस. घरकामाला येणाऱ्या, धुळ्याकडच्या लताबाईंनी कपाळाला हात लावला. "बठ्ठं हिरवंगार व्हई गय वं माय! घासी टाकू का?"

"हात लावू नकोस गं! शेवाळात अनंत जीव असतात."

खरंच, जैन स्थानकाच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरलं की सायरबाई त्याला वळसा घालून जायच्या. त्या कसल्या ब्रश घेऊन बसताहेत!

व्हिडिओवर ते हिरवं रान बघून मनन मात्र हादरला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तिसऱ्या दिवशीही आला.

"पाणी आटलं की कुठलं घालतेस?"

"आपण पितो तेच. गाळून, उकळून."

मनन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मम्मी, उकळून क्षार जात नाहीत! शेवाळाला तेच तर हवं असतं. आरओचं घाल. दिवा कमी वेळ लाव, दर आठवड्याला थोडं पाणी बदल. आणि टूथब्रशने घास."

"घासणार नाही."

"बरं, मग उपाशी ठेव."

"कुणाला?"

"शेवाळाला! माशांच्या उरलेल्या खाण्यावरच पोसतं ते."

ते दिवस फार सुखाचे गेले. पाण्याच्या गोष्टी बोलता बोलता मनन मधेच सांगायचा की आज खिचडी करपली, सायकल चोरीला गेली, खिडकीतून बोटी दिसतात. सायरबाईंनी त्याचं सगळं ऐकलं, खाणंही चिमटीवर आणलं. शेवाळ विरळ होत गेलं आणि त्याबरोबर फोनही विरळ झाले. घेवरचंद म्हणाले, "गरज सरो, वैद्य मरो."

एका रविवारी फोन आलाच नाही. सायरबाई टाकीसमोर बसून राहिल्या. मासे काचेपाशी येऊन तोंडं उघडझाप करत होते. त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. मग आणखी एक चिमूट टाकली. मुके जीव, खाऊ देत, असं त्या मनाशी म्हणाल्या. पण दुसरी चिमूट माशांसाठी नव्हती, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मग ती दुसरी चिमूट रोजचीच झाली. शेवाळ परतलं आणि फोनही परतला.

घेवरचंदांनी एकदा खाण्याचा डबा कानाशी धरून हलवला. "हा डबा फार लवकर संपतो."

"मासे मोठे झालेत."

त्यांनी माशांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि चपला घालून दुकानात गेले.

पर्युषण तोंडावर आलं असताना मननने फोनवरून टाकी नीट पाहिली. जांभळी बोटं मिटली होती आणि त्यांवर हिरवे केस चढले होते.

"मम्मी, ते फूल नाही. जीव आहे तो, खातो-पितो. शेवाळाखाली गुदमरतोय." मग तो थकल्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे. तुला उगाच ताप. धुळ्याचा अखिल आहे ना माझा मित्र, त्याला सांगतो. संवत्सरी झाली की येऊन टाकी घेऊन जाईल."

त्या दिवशी सायरबाई भरल्या ताटावरून उठल्या. टाकी गेली तर हा मुलगा फोन करणार कशासाठी? आणि दुसरं त्याहून वाईट होतं. मुंग्यांना पीठ घालणाऱ्या बाईने खाऊ घालून घालून एक जीव मरायला टेकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी लताबाईंना बादली आणायला सांगितली. टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं, दगड त्यात ठेवला, आणि जी बाई चातुर्मासात पालेभाजी शिवत नाही ती टूथब्रशने शेवाळ घासायला बसली. पोवळ्याच्या कडेचे केस त्यांनी बोटांनी उपटले. ओठ सारखे हलत होते, "मिच्छामि दुक्कडम्, मिच्छामि दुक्कडम्."

"कोनासंगे बोली राह्यनात वं बाई?" लताबाईंनी विचारलं.

"ज्यांना मारतेय त्यांच्याशी. माफी मागतेय."

संध्याकाळी त्यांनी खाण्याचा डबा घेवरचंदांच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे ठेवा. रोज तुम्हीच घाला." घेवरचंदांनी काही न विचारता तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे संवत्सरीपर्यंत, पोवळ्याची दोन-तीन बोटं उघडली होती. संध्याकाळी वर्षभराच्या चुकांचं प्रतिक्रमण झालं आणि घरोघरी फोन सुरू झाले. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. अमक्याला, तमक्याला, सगळ्यांना तेच वाक्य. मननचाही व्हिडिओ फोन आला, त्यानेही ते भरभर म्हणून टाकलं.

"मी तसं मोघम नाही मागत," सायरबाई म्हणाल्या. "शेवाळ मी वाढवलं. जास्तीचं खाणं घालत होते, मुद्दाम. शेवाळ वाढलं की तू फोन करतोस. मला तुझी फार आठवण येते रे."

मननने फोन तोंडाजवळ आणला.

"पोवळं?" त्याने विचारलं.

"उघडतंय. मी घासलं सगळं, ब्रशने."

"तू घासलंस?"

"मीच."

मग मनन म्हणाला, "अखिलला येऊ नको म्हणून सांगतो." फोन दुसऱ्या हातात घेत त्याने विचारलं, "मम्मी, पण मग आता आपण बोलायचं काय?"

त्यात तुसडेपणा नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. सायरबाईंनाही ठाऊक नव्हतं.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "फोन चालू ठेव आणि तुझं काम कर. मी बसते."

त्याने फोन ओट्यावर कुठेतरी टेकवला. त्याची पाठ दिसू लागली, नळाचा आवाज आला. सायरबाईंनी आपला फोन टाकीच्या काचेला टेकवला आणि समोर बसल्या. घेवरचंद आत आले, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"काय म्हणतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

"भांडी घासतोय," सायरबाई म्हणाल्या.