टाकीच्या झाकणावरचा सोन्याचा वर्ख

हो, घाटात रस्ता अडवून उभा राहिलेला तो पिकअप मीच. मागून येणाऱ्या प्रत्येकाने मला शिव्या घातल्या. घाला. पण माझी बाजूही ऐकून घ्या, कारण मला काय झालंय हे तिथे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात मी जन्मलो, त्याला सव्वीस वर्षं झाली. तिथून थेट इथे, नान प्रांताच्या डोंगरात आलो. पहिल्या मालकाने कोबी आणि मक्याची इतकी ओझी लादली की माझे स्प्रिंगचे पाटे बसले ते अजून बसलेलेच आहेत. मग मी प्रयूनकडे आलो. माणूस चांगला, पण भारी काटकसरी. टाकीचं मूळ झाकण हरवलं तेव्हा त्याने बाजारातून साधं पत्र्याचं आणलं. त्याला मधोमध एक बारीक भोक आहे. त्यातून टाकीत हवा जाते, म्हणून डिझेल इंजिनाकडे सरकतं. माझं नाकच म्हणा ना.

प्रयूनची बायको लमदुआन. तिचा मुलगा विथून लांबच्या शहरात कारखान्यात कामाला आहे. मुलाने एकदा तरी, थोड्या दिवसांसाठी का होईना, भिक्खू व्हावं, त्याचं भगवं वस्त्र, चीवर, आपल्या हातून त्याला द्यावं, एवढ्यासाठी ही बाई वर्षानुवर्षं झुरत होती. दोनदा त्याची रजा नाकारली गेली. यंदा पंधरा दिवस मिळाले. दीक्षा देण्याचा अधिकार असलेले थोरले भंते डोंगरापलीकडच्या विहारात. मुहूर्त सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांचा, आणि विधी आटोपला की ते महिनाभरासाठी दुसऱ्या प्रांतात जाणार. म्हणजे तो दिवस हुकला की सगळंच हुकलं.

आदल्या दिवशी मला गावच्या विहारात नेलं. तिथल्या भंतेंनी मंत्र म्हणत स्टिअरिंगला पांढरा दोरा बांधला, टपाला आतून गंधाचे ठिपके लावले, बॉनेटवर वर्ख चिकटवला. काम झालं होतं. पण लमदुआनचं समाधान होईना. उरलेलं गंध घेऊन ती माझ्याभोवती फिरली. दारं, दिवे, आरसे, काही सोडलं नाही. टाकीच्या झाकणावर तर बोटाने चेपून चेपून गंध भरलं आणि वर सोन्याचा वर्ख डकवला.

"पोटाला काही कमी पडू देऊ नकोस याच्या," असं पुटपुटली. काळजी पोटाची आणि बोळा नाकात.

सकाळी नातेवाईक पुढे गेले. मागून आम्ही निघालो. प्रयून आणि लमदुआन पुढे, मागे मुंडण केलेला, पांढऱ्या कपड्यातला विथून आणि त्याचा मामा सनोंग. हा सनोंग पाण्याचे पंप दुरुस्त करतो, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. पहिल्या चढावर माझा दम कोंडला. दोन आचके दिले आणि बंद पडलो.

"दाजी, बॅटरी गेली," सनोंग उडी मारून म्हणाला.

"अरे, स्टार्टर गरागरा फिरतोय. बॅटरी कशी गेली असेल?"

"फिरणं वेगळं आणि जोर असणं वेगळं."

"हे तू कुठल्या शाळेत शिकलास?"

मग बॅटरीच्या तारा घासून झाल्या. मग फिल्टर खोलला, तोंडाने फुंकला, डिझेल थुंकून झालं. मी नुसता बघत होतो. शेवटी टाकीत डिझेल आहे की नाही ते बघायला त्याने झाकणाला हात घातला.

"हळू रे," लमदुआन तिथे जाऊन उभी राहिली. "वर्ख फाटेल."

झाकण सैल होताच मी सूं करून हवा आत ओढली. त्याने काडी बुडवून पाहिली, झाकण घट्ट लावलं आणि फिल्टरवरचं डिझेल चढवायचं बटण दाबत बसला. चावी फिरवली. मी चालू झालो.

"बघितलंत? फिल्टरच होता," म्हणे. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

बारा-चौदा किलोमीटर कसाबसा चाललो आणि ऐन घाटात पुन्हा बंद पडलो. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आता मात्र इंजिनातला डिझेल पंप गेला," सनोंगने निकाल दिला.

"उद्याच भंगारात घालतो याला," प्रयून माझ्या चाकावर लाथ मारत म्हणाला. सव्वीस वर्षांच्या नोकरीचं हे फळ.

सनोंगने माझ्या बंपरवर उदबत्त्या लावल्या आणि हात जोडून माफी मागितली. कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं.

"आई, मी चालत निघतो," विथून म्हणाला.

"अठरा किलोमीटर? खुळा आहेस का?" तिचा आवाज चिरकला. मग ती सावकाश टाकीपाशी आली. "अहो, मघाशी आवाज कसला झाला होता?"

"कसला आवाज?"

"सनोंगने झाकण उघडलं तेव्हा. सूं झालं, आणि त्यानंतर हा चालू झाला."

"ताई, तू पूजेचं बघ. इंजिनाचं आम्ही बघतो."

तिने त्याला बाजूला सारलं. स्वतःच झाकण फिरवलं. मी पुन्हा हवा ओढली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. प्रयूनने बटण दाबून चावी फिरवली आणि मी सुरू झालो. ती हातातल्या झाकणाकडे बघत राहिली.

"हे मीच केलं," ती म्हणाली.

लावलेला वर्ख खरवडणं तिच्या लेखी पाप. तिने झाकण कपाळाला टेकवलं, क्षमा मागितली, अंबाड्यातली पिन काढली आणि भोक मोकळं केलं. हात डिझेलने आणि धुळीने काळे झाले. त्यानंतर मी असा पळालो की सनोंगची टोपी उडाली. टोपीसाठी कुणी थांबलं नाही.

मुहूर्ताला दोन मिनिटं उरली असताना पोचलो. हात धुवायलाही उसंत नव्हती. चीवर विथूनच्या ओंजळीत ठेवताना त्याच्या काठावर तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. तिने झटकन हात मागे घेतला आणि रडायलाच लागली.

"राहू दे, आई," तो हळूच म्हणाला. "कुणी दिलं ते मला दिसत राहील."

त्यानंतर तो भिक्खू झाला. आता आईनेही त्याला स्पर्श करायचा नाही, उलट तिनेच वाकून नमस्कार करायचा. रोज पहाटे गावच्या विहारातून तो भिक्षेला येतो. मी अंगणात उभा असतो. लमदुआन मान खाली घालून त्याच्या पात्रात भात वाढते आणि नजर त्या ठशावर असते.

त्याच्या रजेचा आज चौदावा दिवस. उद्या तो चीवर उतरवेल आणि मला त्याला घाटापलीकडच्या बसथांब्यावर सोडायचंय, लमदुआनही सोबत येणार आहे. माझं मागणं एवढंच, की माझ्या झाकणाला आता कुणी काही फासू नये. मघाशी लमदुआन गंधाची वाटी घेऊन माझ्याभोवती घुटमळत होती. तिने लावलंच तर मात्र मी कुरकुरणार नाही. घाटात बंद पडेन. तेवढाच अर्धा तास तिला तिचा मुलगा जास्त मिळेल.