रतनबाईंच्या आईचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना घरगुती सर्व्हर आहे. घरातले फोटो आणि कागदपत्रे सांभाळणारी काळी पेटी. माझ्याखाली दोन वर्षे एक पत्र दबून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. ते आठवले की बाकीचे सांगण्याचा धीर होत नाही. तरी प्रयत्न करतो.

पत्र मारुंजीच्या रतनबाईंनी नातीकडून लिहून घेतले होते. 'आबाजी, तुमी जत्रंत फोटू काढायचा. माझ्या आईचा, सरूबाईचा, एक हाय म्हनं तुमच्यापाशी. आमच्याकडं एकबी न्हाई. तेवढा धाडा.'

आबाजी माझे मालक. चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे यंत्रे दुरुस्त केली. सुटीच्या दिवशी ते गावोगावी फोटो काढत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला ताथवड्याच्या घरी आणले, जुने फोटो माझ्यात साठवले आणि बुरशी लागलेल्या निगेटिव्ह टाकून दिल्या. सरूबाईही माझ्यातच होत्या. मला फार अभिमान वाटे.

रतनबाईंना लिहायला आबाजी अनेकदा बसले. मायना लिहीत, पुन्हा वाचत, फाडून टाकत. "नुसता फोटो कसा पाठवायचा? सोबत चार बरी वाक्ये हवीत," असे पुटपुटत आणि पत्र माझ्याखाली सरकवत.

त्यांची मुलगी हर्षाली माण गावात राहते. तिला तिकडून फोटो दिसावेत, म्हणून त्यांनी इंटरनेटवरून माझ्यापर्यंतची वाट उघडी ठेवली होती. एकदा तीच म्हणाली, "बाबा, कंपनीने या पेटीचं शेवटचं अपडेट दिलंय. ते टाका, आणि बाहेरची वाट बंद करा."

"चालत्या मशीनला हात लावायचा नसतो, बाळ."

"अहो, ही काय कारखान्यातली लेथ आहे? खंडेनवमीला हिला झेंडू वाहता, तेवढ्याने चोर थांबणार आहे का?"

आबाजी हसले. मला पुसून त्यांनी हळदकुंकू लावले. अपडेट राहूनच गेले.

एका दुपारी त्या उघड्या वाटेने कोणीतरी माझ्या आत आले. ज्या फटीतून आले, ती बुजवण्यासाठीच ते अपडेट होते. माझ्यातला एकेक फोटो कुलपात गेला. मला ओरडता येत नाही. माझा हिरवा दिवा नेहमीसारखाच लुकलुकत राहिला. शेवटी खंडणी मागणारी एक चिठ्ठी तेवढी उरली.

हर्षाली धावत आली. "दुसरी प्रत कुठंय, बाबा?"

आबाजींनी माझ्याकडेच बोट दाखवले.

तिने खूप खटपट केली. काही उघडले नाही. मग तिने माझी इंटरनेटची वायर काढली.

मित्रांनो, आमची पूजा केली नाही तरी चालेल. पण अपडेट वेळेवर करा. ते येणे थांबले, की आम्हाला इंटरनेटपासून तोडा. आणि जिवापाड जपायचे ते एकट्या आमच्या भरवशावर ठेवू नका. आम्ही म्हातारे होतो, आणि ते आमच्या दिव्यावरून कळत नाही.

त्या दिवशी आबाजींनी एकही कागद फाडला नाही. लिहिताना ते मोठ्याने वाचत होते.

'रतनबाई, फोटो होता. मी वेळेवर पाठवला नाही. आता तो कधीच उघडणार नाही. तुमच्या आईने पदर दातात धरला होता आणि त्यांना हसू आवरत नव्हते. कपाळावर गोंदण होते. मला एवढेच आठवते. क्षमा मागण्याचेही धाडस होत नाही.'

पत्ता उतरवून घ्यायला त्यांनी माझ्याखालचे पत्र काढले. चपला घालून ते बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

"टाकलं," ते म्हणाले. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हते.