उरलं तर

सकाळी सातला गुरुशांत आणि दानेश्वरी मैदानावरून घरी आले. दोघा भावंडांची पोलीस भरतीची तयारी चालली होती. तो सोळाशे मीटर पळायचा, ती आठशे. मैदान एक, मास्तरांची शिट्टी एक. उंबऱ्याच्या आत आलं की मात्र न्याय वेगळा.

गंगम्मानं लेकाच्या हातात तांब्याभर दूध दिलं. भिजवलेले बदाम दिले, भाकरीवर तूप घातलं. दानेश्वरी ओट्याशी भाकऱ्या थापायला उभी राहिली.

"अव्वा, मला पण थोडं दूध दे की."

"उरलं तर देते की. त्यो गडी हाय, त्याला लागतंय. पोरीच्या जातीला लई दूध सोसत न्हाय."

उरत कधीच नव्हतं. आधी अप्पा जेवायचे, मग गुरुशांत, त्यांच्यानंतर दानेश्वरी, आणि शेवटी भांड्याच्या खरवडीवर गंगम्मा. याला आपल्याकडे वळण म्हणतात. मी याला चोरी म्हणतो. दिवसातून दोनदा, भरल्या घरात होणारी चोरी.

महिनाभर दानेश्वरीची नडगी ठणकत होती. मास्तर म्हणाले, शिन स्प्लिंट दिसतंय, विश्रांती घे. पण भरती वीस दिवसांवर आलेली. ती तेल चोळून पळत राहिली. बुधवारी चौथ्या फेरीत पाय धरून जी खाली बसली, ती भावाच्या खांद्यावरच घरी आली.

सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात सगळेच गेले. डॉक्टरीणबाईंनी एमआरआय बघितला. "स्ट्रेस फ्रॅक्चर आहे. हाडाला तडा गेलाय. दोन-तीन महिने पळायचं नाही."

"पर बाई, ती कुटं पडली न्हाय, धडपडली न्हाय," अप्पा म्हणजे सिद्धप्पा म्हणाले.

"हे पडून होत नाही. पळून हाडावर ताण येतो, आणि पोटात अन्न असलं तर हाड सावरतं. काल काय खाल्लंस गं?"

"सकाळी चहा. दुपारी भाकरी आन् शेंगाचटणी. रात्री निम्मी भाकरी."

"पाळी?"

"पाच महिने आली न्हाय."

"पोटाला कमी पडलं की पाळी थांबते, आणि हाडही ठिसूळ होतं. आणि तू रे? तूही पळतोस ना?"

"दूध, बदाम, तूप..." गुरुशांत सांगायला लागला आणि बहिणीकडं बघून मध्येच थांबला.

भरती गेली. वर्षाची मेहनत पेलाभर दुधापायी गेली, आणि घरात दूध नव्हतं असं कुणी म्हणू नये.

घरी आल्यावर सिद्धप्पा म्हणाले, "पोरीचं हाडच कच्चं. आता पळणं बास. एखादं स्थळ बघू."

नवऱ्यापुढं कधी तोंड न उघडलेली गंगम्मा म्हणाली, "हाड कच्चं न्हाय. मी उपाशी ठेवली तिला, ह्या हातानं. स्थळ बघायचं न्हाय. बरी हुईल आन् पुढच्या भरतीला पळंल."

संध्याकाळी तिनं दोनच ताटं वाढली. एक लेकीचं, एक स्वतःचं. सगळं दूध लेकीच्या पेल्यात ओतलं. मग तव्यावरची भाकरी मोडून तिनं तोंडात घातली आणि तिचे डोळे भरून आले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. गरम भाकरीची चव ती विसरूनच गेली होती.

सिद्धप्पा पाटावर येऊन बसले. "आमचं ताट?"

"बसा," गंगम्मा म्हणाली. "उरलं तर देते की."