दहाला बाहेर, चारला आत

फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाची पहिली ओळ: दहाला बाहेर, चारला आत. जुने पाहुणे दहाला निघतात, नवे चारला येतात आणि मधले सहा तास

मधले सहा तास आईचे होते. बावीस वर्षं.

तळ्याकाठी, डोंगराच्या अगदी पायाशी, भाड्याने मिळणारी नऊ लाकडी घरं. आईला ती सगळी आतून पाठ, पलंगांच्या खालच्या बाजूसकट. पण एकाही घरात ती कधी झोपली नव्हती. तळंही तिने धड पाहिलं नव्हतं. खिडक्या बाहेरून पुसायच्या म्हणजे तोंड काचेकडे आणि पाठ पाण्याकडे. म्हणून मी सहा नंबरचं घर घेतलं. चार रात्री. आई, माझा धाकटा भाऊ, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी, जिला दिवसभर गुणगुणते म्हणून आम्ही भुंगा म्हणतो.

म्हणून नाही. खरं कारण गुडघे. डॉक्टरांनी आईला तीन महिन्यांची रजा घ्यायला लावली होती आणि ती सोमवारी संपत होती. हंगामाला परत येणार की काम सोडणार, हे सोमवारी मॅनेजरला सांगायचं होतं. विचारलं की म्हणायची, "बघू." आमच्या आईचं 'बघू' म्हणजे 'हो'. मला सोमवारच्या आत तिच्या तोंडून 'नाही' हवं होतं. व्हरांड्यात वेताची खुर्ची आहे. तिच्यात आई तळ्याकडे तोंड करून एकदा नीट बसली की पुढचं आपोआप होईल, असं मी धरून चालले होते.

"अर्धा तास," धाकटा गाडी चालवता चालवता म्हणाला. "त्याच्यापुढे बसली तर चारही दिवस भांडी माझी."

"मी काय घोडा आहे का पैज लावायला," आई मागच्या सीटवरून म्हणाली.

गुरुवार, चार

चप्पल काढायच्या आधी तिने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट पाहिलं. काही बोलली नाही, म्हणजे धूळ होती.

साडेचार. सगळ्या उशा उलट्या केल्या.

पाच. बाथरूमच्या जाळीतून केसांचा गुंता काढला. "कुणाचा आहे देव जाणे."

सव्वापाच. "आई, बस ना जरा."

"बसते की."

साडेपाच. "आई."

"अगं, बसलेच आहे मी." हे शिडीवरून.

कागदाची सातवी ओळ

निघताना चादरी काढून त्यांचं गाठोडं बांधा. आठवी: किल्ली आतल्या खुंटीला लावा आणि दार ओढून घ्या, कुलूप आपोआप लागतं. आई सांगते, या दोन ओळी पाहुणे कधीच पाळत नाहीत. बावीस वर्षांत गाठोडं बांधून गेलेली कुटुंबं दोन. बाकी सगळ्यांच्या वतीने त्या आईनेच पाळल्या. आत काही विसरलं तर तिच्या कमरेला नऊही घरांच्या किल्ल्या होत्याच.

शुक्रवार, दहाला पाच कमी

आम्ही तिघं खाली लाकडी धक्क्यावर. अनवाणी, पाय पाण्यात. भुंगा माशांशी बोलत होती. वरून आवाज आला.

फट्.

चादर झटकल्याचा. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी याच घरांच्या पायऱ्यांवर बसून हे आवाज मोजायची. चार पलंग, चार फट्, की आई बाहेर येणार.

फट्.

"ताई, काय करतेय गं ती?"

फट्. मी उठले. पायऱ्या ओल्या, माझे पाय ओले, मी धावत होते आणि

फट्, आणि मग दार.

आई व्हरांड्यात उभी होती. पायाशी गाठोडं. चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. उजवा हात सवयीने कमरेपाशी गेला. तिथला किल्ल्यांचा जुडगा तिने रजेवर जाताना ऑफिसात जमा केला होता. हात तिथेच राहिला.

"दहा वाजले," ती म्हणाली.

"आपले दहा सोमवारी वाजणार आहेत, आई."

"माहीत आहे मला. हातांना कोण सांगणार."

तेवढ्यात धाकटा वर आला. दार ओढून पाहिलं, खिडक्या पाहिल्या. त्या तर तिने आतून पक्क्या लावल्या होत्या. "म्हणजे फोन आत, गाडीची किल्ली आत, नाश्ता आत. आणि बाहेर काय, तर चादरी."

"आजी, आपण निघालो?" भुंगाने विचारलं.

"माझ्या जागी ठेवलेली नवी बाई एक नंबरला असेल आत्ता," आई म्हणाली. "तिच्याकडे किल्ली आहे."

"आणतो पळत जाऊन."

"गप बस. सगळ्या तळ्याला सांगत सुटशील. टॉवेल बदलायला यायचीच आहे ती. एक आणि दोन लहान आहेत. तीनमध्ये बारकी पोरं होती, तिथे वेळ जाणार. पाच रिकामं. एकच्या आत येईल."

साडेदहा, अकरा, साडेअकरा

पुसायला काही नाही. फडकं आत, झाडू आत. आई फेऱ्या मारत राहिली. व्हरांड्याला अकरा फळ्या, त्यातली चौथी करकरते. करकर. जाऊन परत करकर. मी गाठोडं भिंतीशी सरकवलं, मग खांबाशी, मग परत भिंतीशी. धाकटा कंटाळून वेताच्या खुर्चीत बसला.

"ऊठ, पाहुण्यांची आहे ती."

"आई, पाहुणे आपणच आहोत."

ती थबकली. मग करकर.

एकला दहा कमी

नवी बाई आली. माझ्याच वयाची, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, हातात बादली. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही, आधी गाठोड्याची गाठ पाहिली.

"तुम्ही त्या मावशी ना? ऑफिसात मला सारखं ऐकवतात, गाठोडं मावशींसारखं बांध."

"दार उघड आधी," आई म्हणाली.

तिने दार उघडलं आणि गाठोडं उचललं. आईनेही दुसऱ्या बाजूने धरलं.

"मी काढल्यात, मी घालते."

"राहू द्या, मावशी. सोमवारपर्यंतच ठेवलंय मला. पुढचं तुम्ही येता की नाही त्याच्यावर. तोवर कुणाची तक्रार नको." रडगाणं नव्हतं ते. उद्या ऊन पडेल, अशा आवाजात तिने सांगितलं.

गाठोडं दोघींच्या मध्ये थोडा वेळ तसंच राहिलं. मग आईने सोडलं. वळली. खुर्चीच्या कडेवर टेकली.

आतून फट्. आईचे हात वर उठले. तिने ते मांडीखाली दाबून धरले.

"ऐक गं," ती खिडकीकडे न बघता मोठ्याने म्हणाली. समोर तळं होतं. "चार नंबरच्या बाथरूमची खिडकी अडकते. ओढत बसू नकोस, खालून एक बुक्की मार."

"बरं."

"आठ नंबरची किल्ली उलटी फिरते."

"कळलं ते. अर्धा तास गेला माझा."

"नऊच्या माळ्यावर वाकून चढ. मी दर हंगामाला डोकं आपटून घेतलंय."

फट्.

"आणि दोनच्या बाथरूममधली दाराजवळची फरशी हलते. तिच्यावर बादली ठेवू नकोस."

ती सांगत राहिली. मागे सरकून पाठ टेकून सांगत राहिली. ज्याला परत यायचं असतं, ते माणूस हे असलं कुणाला सांगत नाही. धाकट्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मला बोटांनी पस्तीसची खूण केली, तीही चार खेपांत आणि एकदा चुकून, आणि तोंड वाकडं करत भांडी घासायला आत गेला.

"मग सोमवारी काय सांगणार, आई?"

"बघू," ती म्हणाली. "तू आधी खाली बस. केव्हाची तो कठडा पुसतेयस."

माझ्या हातात भुंगाचा ओला फ्रॉक होता. अर्धा कठडा चकचकीत झाला होता. अर्धा अजून राहिला होता.