उद्याची आंबील

नीलकंठने वाटी नाकाजवळ नेली आणि तशीच खाली आपटली. आंबिलीवर बुडबुडे धरले होते. तिचा आंबूस, कुबट वास थेट टाळूला भिडला.

"हे गुरांना घाल."

सांडलेलं त्याच्या बायकोने, पुष्पाने, फडक्याने टिपून घेतलं.

पासष्टची लढाई पेटली तशी खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांत माणसं फक्त पाठ टेकायला येऊ लागली. बारा-बारा तास तोफगोळ्यांत बारूद भरून नीलकंठचे हात पिवळे पडले. लढाई थांबली, पण त्याला प्रत्येक घासात बारूदच लागे. पोट ढवळलेलं, डोळ्याला डोळा नाही, आणि कारण नसताना रडू. गेल्या सोमवारी तो ग्वारीघाटावर कपड्यांनिशी नदीच्या छातीभर पाण्यात जाऊन उभा राहिला. एका नावाड्याने त्याला ओढून काढलं आणि घरी आणून सोडलं.

डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या सत्यभामाबाई मात्र पुष्पाला म्हणाल्या, "पोट नासलं का डोस्कं नासते, बाई. त्याले आंबील पाज." ज्वारीच्या कण्या शिजवून, ताक घालून दोन दिवस मडक्यात कशा आंबवायच्या, तेही त्यांनीच दाखवलं.

रोज सकाळी वाटी पुढे यायची. रोज नीलकंठ ती दूर सारायचा.

"चांगली लागते जी. मी घेऊन राहिली न रोज," पुष्पा म्हणायची.

त्या रविवारी तो तोंड धुवायला मागच्या अंगणात गेला, तर पुष्पा मोरीपाशी वाकून ओकत होती. पदराने तोंड पुसून तिने वाटी पुन्हा उचलली, नाक चिमटीत धरलं आणि घोट घेतला. तिचं सगळं अंग शहारलं. तरी तिने दुसरा घोट घेतला.

"काहून पिऊन राहिली मग?"

ती दचकली. वाटी लपवायला जागा नव्हती.

"मीच नाही पिली, तं तुमी कसे प्याल जी?"

नीलकंठने तिच्या हातून वाटी घेतली आणि अर्धी एका दमात घशाखाली ढकलली. पोटातून उमळून आलं. भिंतीला हात टेकून, डोळे घट्ट मिटून तो उभा राहिला. ओकला नाही. जिभेवर आंबट चव रेंगाळली. नुसतीच आंबट.

"घाण आहे," तो म्हणाला.

"लय घाण आहे," पुष्पा म्हणाली. तिला हसू फुटलं आणि मग रडू.

तो तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसला.

"उद्या थोडं जिरं टाकून पाह्य," तो म्हणाला.