गिरजाघराची विभूती

अकोल्याबाहेरच्या जुन्या गिरजाघरासमोर बैलगाड्यांची रांग लागली होती आणि एकाही गाडीत कापूस नव्हता. त्या वर्षी हे नवलच होतं. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. तरी लोक गाड्या भरून म्हाताऱ्यांना, लेकरांना घेऊन आले होते. चाळीस वर्षांपूर्वी पलटणीने बांधून सोडून दिलेल्या त्या इमारतीच्या काळ्या दर्शनी भिंतीवर रोज सकाळी पांढरी राख उगवत होती. पुसली तरी दुसऱ्या दिवशी हजर.

गोवर्धनबुवा ती राख खरवडून वाटत होता. "गोऱ्यायनं वर काय बी बांधलं तरी खाली शंभू बसला हाये. थोच भस्म सोडून राहिला. खोकल्याले चालते, सुजेले चालते, सासू ऐकत नसंल तं तिच्या भाकरीत टाका." लोक हसत आणि हात पुढे करत.

त्याच्या शेजारी जानराव गवंडी उभा असे. भिंतीचे झिजलेले दगड बदलायचे आणि सांध्यांतला गळका चुना उकरून नवा भरायचा, हे काम सरकारने त्याला दिलं होतं. याच्याच हातून देव प्रकटला, असं बुवाने जाहीर करून टाकलं होतं. लोक पाया पडत, जानराव मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

खरं कारण त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ धड शिजत नाही. चुना मळायला गोडं पाणी दोन कोसांवरून आणायचं, हे बापाने त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. पण यंदा पाण्यासाठी गाडी मिळेना, सगळ्या कापसाच्या फेऱ्यांवर. मग जानरावने जवळच्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात चुना भिजवला आणि नवे सांधे तडकू नयेत म्हणून रोज तेच पाणी भिंतीवर मारलं. पाणी वाळे, मीठ वर येई. बोलला असता तर अख्खी भिंत पुन्हा उकरावी लागली असती आणि वऱ्हाडात कोणी त्याला पायरी बसवायलाही बोलावलं नसतं. म्हणून तो गप्प बसला. खोटं कशाला बोला, लोकांनी पाया पडणं त्याला आवडायलाही लागलं होतं.

त्याची धाकटी बहीण वच्छला बाळंतपणानंतर अंगावर सूज आली म्हणून त्याच्याकडे राहायला आली होती. वैद्याने तिचं मीठ बंद केलं होतं आणि अळणी भाकरी खाऊन ती सावरत होती. अचानक आठ दिवसांत तिचे पाय पुन्हा फुगले, बसल्या जागी धाप लागू लागली. हिला मीठ कोण देतं, असं वैद्याने खडसावून विचारलं. घरातले सगळे शपथा घेऊ लागले. जानरावला मात्र तिच्या उशाखालची कागदाची पुडी दिसली. वच्छला दोन्ही वेळा विभूती पाण्यात घालून पीत होती. त्याला इतकी लाज वाटली, की वैद्याकडे बघायची हिंमत होईना.

पुडी उचलून, परात घेऊन तो तडक गिरजाघरापाशी गेला. लोकांसमोर तीन दगड मांडून त्याने जाळ केला, विहिरीचं पाणी परातीत आटवलं. तळाशी पांढरा थर राहिला. एका म्हाताऱ्याने आधी तो थर चाखला, मग भिंतीवरची राख चाखली आणि दोन्ही वेळा थुंकला.

बुवा डगमगला नाही. "म्हंजे हिरीत बी शंभूच हाये."

"मंग घरोघरच्या मिठाच्या मडक्यात बी हाये," जानराव म्हणाला. "तिथं तुहं काय काम?"

बुवा काढता पाय घेऊ लागला. लोक त्याच्यावर धावले, पण जानरावने त्यांना अडवलं. "त्याले काय मारता? थो लबाड बोलला, मले खरं ठाव होतं अन् मी बोललोच नाही. खाऱ्या पान्यात चुना म्या मळला. देवाचं म्हणून कोनी काही देल्लं तं पयले इचारा, कुठून आलं, कसं झालं. चाखून पाहा, तपासून पाहा. हात जोडाची घाई करू नका."

त्या दिवशी त्याच्या पाया कोणी पडलं नाही.

घरी येऊन त्याने वच्छलाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती भिंतीला टेकून धापा टाकत ऐकत होती.

"बुवावर माहा भरोसा नव्हताच, दादा," ती म्हणाली. "तुह्या हातचं हाये म्हणून पेत होती."