पुलावरचा भैरू

मुकुंदला कॉम्प्युटर गेम्सबद्दल मतं होती, आणि ती सांगण्यासाठी तो कुणी विचारायची वाट बघत नसे. मोबाइलवर बोटं आपटायच्या खेळांना तो गेम मानतच नव्हता. त्याचे गेम म्हणजे रोल-प्लेइंग. एखादं पात्र घ्यायचं, त्याचं नावगाव ठरवायचं, वाटेत सोबती जमवायचे आणि महिना-दोन महिने एका काल्पनिक मुलखात भटकायचं. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटी डिपार्टमेंटला होता. दिवसभर गिअर तपासून संध्याकाळी रावेतच्या फ्लॅटवर आला, की हातपाय धुऊन तो या मुलखात शिरायचा आणि आई जेवायला हाका मारून दमेपर्यंत बाहेर यायचा नाही.

शनिवारी तो यूट्यूबवर मराठीतून मतं मांडायचा. पडद्यावर बाण दाखवून ‘आता इकडे जा’ सांगणारा गेम म्हणजे पाहुण्याला हात धरून बाथरूमपर्यंत नेणं. ज्यात बोलून भांडण मिटवता येत नाही, त्याला रोल-प्लेइंग म्हणू नये, हाणामारी म्हणावं. तीन-चारशे लोक ऐकायचे. त्यातले निम्मे त्याच्याशी वाद घालायलाच यायचे, पण यायचे.

त्याचं सगळ्यात आवडतं मत मात्र एकच होतं, ते म्हणजे झालं ते झालं. या गेम्समध्ये कुठेही थांबून खेळ सेव्ह करता येतो. पुढे काही वाईट घडलं, तर त्या जागी परत जाऊन निर्णय बदलता येतो. मुकुंदच्या मते हा शुद्ध पळपुटेपणा होता. खेळणाऱ्याने एकच सेव्ह ठेवावा आणि आपल्या निर्णयांचं जे होईल ते निमूट सोसावं, असं तो दर शनिवारी बजावून सांगायचा.

आता खरं सांगायचं, तर तो स्वतः खुशाल मागे फिरायचा. एखादा सोबती मेला, की त्याला जेवण गोड लागत नसे. मग गुपचूप जुन्या जागी जाऊन तो त्याला वाचवून आणायचा. चॅनेलवर हे कधी आलं नाही. उपदेश करणाऱ्यांचं साधारण असंच असतं, मुकुंदला एकट्याला काय बोलायचं?

त्रेचाळिसावं लागलं तरी त्याचं लग्न झालेलं नव्हतं. स्थळं यायची आणि चहा पिऊन जायची. एका मुलीच्या वडिलांनी खोलीतले दोन मॉनिटर बघून ‘शेअर मार्केट करता का?’ असं मोठ्या कौतुकाने विचारलं होतं. मुकुंदने खरं काय ते सांगितलं, आणि वर अर्धा तास मतंही ऐकवली. सावित्रीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्या दिवशी कपाळावर मारलेला हात नंतर बरेच दिवस खाली आला नाही.

मग वर्षाली भेटली. ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये डिस्पॅच बघायची. तिच्याकडून आलेला माल मुकुंदच्या टेबलावर यायचा, मुकुंद तो नापास करून परत पाठवायचा आणि मग फोनवर दोघांची जुंपायची. एकदा ती स्वतः चाकणला आली, माल हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाली, “सर, तुमचं बरोबर आहे. चूक आमचीच आहे.” इतकं सरळ कबूल करणारं माणूस मुकुंदने उभ्या नोकरीत बघितलं नव्हतं. तो तिथेच गार झाला.

वर्षालीचा नवरा चार वर्षांपूर्वी नाशिक रस्त्यावर अपघातात गेला होता. मुलगी ओवी आता आठवीत होती. मुकुंदने धीर करून लग्नाचं विचारलं तेव्हा वर्षालीने एकच गोष्ट सांगितली. “सर, ओवी हो म्हणाली तर माझं हो. ती नाही म्हणाली तर आपलं पुन्हा माल आणि रिजेक्शन, एवढंच.”

म्हणजे मुकुंदचं सगळं आता तेरा वर्षांच्या एका मुलीच्या हातात होतं, आणि तेरा वर्षांच्या मुलीशी काय बोलतात, हे त्याला काडीचंही माहीत नव्हतं. मायलेकी पहिल्यांदा रावेतला आल्या, त्या रविवारी त्याने जे येत होतं तेच केलं. कॉम्प्युटर चालू केला.

“अरे, पोरगी पहिल्यांदा घरी आलीय,” सावित्रीबाई म्हणाल्या. “तिला काहीतरी बरं दाखव. हे राक्षस कसले दाखवतोस?”

पण ओवीने खुर्ची ओढून घेतली होती. मुकुंदने त्याचा लाडका जुना गेम लावला आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. ती त्याच्या सगळ्या मतांच्या उलट खेळत होती. तलवार विकून तिने घोंगड्या घेतल्या. वाटेतल्या एका गावात शेळ्या राखणाऱ्या बाईशीसुद्धा ती गप्पा मारत बसली. मुकुंदची जीभ वळवळत होती, पण त्याने ती दातांखाली धरली. सोबत्यांमध्ये एक एका डोळ्याचा म्हातारा शिपाई होता. त्याचं इंग्रजी नाव धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून ओवीने त्याला भैरू म्हणायला सुरुवात केली. भैरू सारखा आपल्या मुलीबद्दल बोलायचा. ती पुढच्या गावात राहते, तिला शिट्टी वाजवता येते, असं काहीबाही. ओवी त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारायची.

मग पूल आला. मागून सैन्य येत होतं, पुढे शेळ्यांवाल्या बाईचं अख्खं गाव पोराबाळांसकट पूल ओलांडत होतं. कुणीतरी एकाने मागे थांबून सैन्याला अडवायला हवं होतं, आणि ते काम एकट्या भैरूला जमणारं होतं.

“काका, दुसरं काही करता नाही का येत?” ओवीने विचारलं.

“आता नाही. तू ठरव,” मुकुंद म्हणाला. आपलं तत्त्व आपण पाळलं म्हणून त्याला जरा अभिमानही वाटला.

शेवटी ओवीने भैरूलाच मागे थांबवलं. गाव पलीकडे सुखरूप पोचलं आणि भैरू काही आला नाही. ओवीने स्वतःच खेळ सेव्ह केला आणि उठली. सावित्रीबाईंच्या थालीपिठाला तिने हात लावला नाही.

संध्याकाळी वर्षालीचा मेसेज आला. ‘ओवी आल्यापासून गप्प आहे. जेवली पण नाही नीट. कसला गेम दाखवलात सर?’

बाप गेलेल्या पोरीच्या हातून आपण एका बापाला मरायला लावलं, हे तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. आठवडाभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. “तरी मी सांगत होते,” सावित्रीबाई रोज डबा भरताना म्हणायच्या, आणि तो डबा उचलून निघायचा.

शनिवारी त्याने व्हिडिओ केलाच नाही. गेम स्वतःहून एक जुनी प्रत ठेवत असतो. ती उघडून तो पुलाच्या बऱ्याच मागे गेला. हा गेम त्याने चार वेळा संपवला होता, त्यामुळे त्याला एक युक्ती ठाऊक होती. तेलघाण्यावरून आधीच तेल आणून ठेवलं आणि सैन्य यायच्या आत पूल जाळला, तर मागे कुणाला थांबावं लागत नाही. त्याने तेल आणलं, पूल जाळला, भैरूला वाचवलं आणि ओवीच्या सेव्हवरच नवा सेव्ह केला. त्याचा जीव भांड्यात पडला. रात्री दोन पोळ्या जास्त खाऊन तो झोपला.

दुसऱ्या रविवारी ओवी दारातूनच तडक खोलीत गेली. मुकुंद हसत हसत तिच्यामागे गेला. पडद्यावर शेकोटी पेटली होती आणि भैरू कढईत काहीतरी ढवळत बसला होता.

“हा इथे कसा?” ओवीने विचारलं.

“वाचला,” मुकुंद खुशीत म्हणाला.

“कसा वाचला?”

“मी काल जरा मागे जाऊन दुरुस्त केलं. तुला वाईट वाटलं होतं ना.”

ओवीने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

“मी आठवडाभर ठरवत होते, त्याच्या मुलीला कसं सांगायचं.”

मुकुंदला काही कळेना. “कुणाच्या मुलीला?”

“भैरूच्या. पुढच्या गावात आहे ना ती? मी तिला समोर बसवून सरळ सांगणार होते की तुझे बाबा गेले, पण त्यांच्यामुळे सगळं गाव वाचलं. उगाच फिरवून फिरवून नाही.” तिने मान वर केली. “माझे बाबा गेले तेव्हा मला कुणी सांगितलंच नाही. म्हणाले, कंपनीच्या कामाने सोलापूरला गेलेत. मी दोन दिवस शेजारच्या सुमनताईंकडे कार्टून बघत होते. हसत होते मी. मग वर्गातल्या एका मुलाने सांगितलं. तुम्ही पण तसंच केलंत. मला वाईट वाटू नये म्हणून.”

दारात वर्षाली चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने कप टेबलावर ठेवले.

“सुमनताईंना तसं सांगायला मीच लावलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ओवी.”

“माहितीय मला.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तू रडली असतीस.”

वर्षाली खरंच रडायला लागली. मायलेकींचं हे चार वर्षांचं राहिलेलं बोलणं होतं. त्यात आपलं काय काम, असं वाटून मुकुंद उठायला लागला.

“तुम्ही बसा,” ओवी म्हणाली.

तो बसला. एरवी गेमचा विषय निघाला की त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, पण आता एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. “मी घाबरलो,” तो म्हणाला. “तू गप्प झालीस असं तुझ्या आईने कळवलं, आणि मला वाटलं, आता तू नाही म्हणणार. म्हणून मी ते केलं. तुझ्यासाठी केलं असं म्हणालो, पण माझ्यासाठीच केलं. आणि तुझा खेळ आता परत येणार नाही. मी त्याच्यावरच सेव्ह केलंय.”

“व्हिडिओत तर तुम्ही म्हणता, मागे फिरणारे पळपुटे असतात,” ओवी म्हणाली. “मी सगळे बघितले या आठवड्यात.”

“मी पण फिरतो. नेहमी फिरतो. तिथे सांगत नाही एवढंच.”

वर्षाली डोळे पुसता पुसता हसली. ओवी हसली नाही. ती पडद्यावरच्या भैरूकडे बघत होती. तो आपला कढईत डाव फिरवतच होता.

मुकुंद म्हणाला, “पाहिजे तर पुलाच्या आधीपासून परत खेळ. तू केलं होतंस तसंच कर.”

“म्हणजे त्याला परत मरायला लावू?” ओवीने मान हलवली. “नको. तुम्ही केलंत ते पण झालंच ना आता. राहू दे त्याला.”

मुकुंदला कसंतरीच झालं. इतकी वर्षं जे मत तो लोकांच्या अंगावर फेकत होता, ते खरोखर पाळणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

“पण मी एक सांगते,” ओवी पुढे म्हणाली. ती आता दोघांकडे बघत होती. “तुमच्याकडे राहायला आलो तर एक नियम. काही वाईट झालं तर मला त्याच दिवशी सांगायचं. आईने पण, तुम्ही पण. मला वाईट वाटेल, वगैरे ठरवत बसायचं नाही.”

वर्षालीने मान डोलावली. मुकुंदही हो म्हणून मोकळा होणार होता. जवळजवळ सगळं हातात आलं होतं. एक शब्द बोलायचा आणि बाहेर जाऊन आईला आनंदाची बातमी द्यायची, एवढंच उरलं होतं. पण त्याला पुलाची आठवण झाली. गप्प बसला असता तर ओवीला निदान त्या दिवशी तरी काही कळलं नसतं.

“मग आत्ताच एक सांगायला हवं,” तो म्हणाला. “भैरू वाचला, कारण मी पूल आधीच जाळला. गाव तेव्हा पलीकडे आलेलं नव्हतं. तू वाचवलेले सगळे लोक त्या बाजूलाच राहिलेत. सैन्याच्या हातात.”

ओवी खुर्चीसकट त्याच्याकडे वळली. “सगळे?”

“सगळे.”

“शेळ्यांवाली बाई पण?”

“ती पण.”

बाहेर सावित्रीबाई भांडी आपटत होत्या. मुकुंदने मनातल्या मनात आवराआवर सुरू केली. उद्यापासून माल आणि रिजेक्शन, एवढंच.

“ते मेलेत का?” ओवीने विचारलं.

“कैदेत आहेत, एवढं माहितीय.”

“मग त्यांना सोडवून आणायला जाता येतं?”

मुकुंदने आठवून बघितलं. “मला माहीत नाही. चार वेळा खेळलो, पण पूल जाळल्यावर त्या बाजूला मी कधी गेलोच नाही. नदीला खाली कुठेतरी चालत ओलांडता येईल असा उतार असेल तर असेल.”

“चार वेळा खेळून तुम्हाला माहीत नाही?”

“नाही.”

ओवीने खुर्ची जरा बाजूला घेतली आणि दुसरी खुर्ची पायाने ओढून त्याच्यासाठी जागा केली. भैरूला उठवून तिने नदीच्या काठाने खाली चालवायला सुरुवात केली. वर्षाली दोघांच्या मागे उभी राहून बघत होती, पण तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती सारखी मान इकडेतिकडे करत होती.

“आई, नीट उभी राहा ना,” ओवी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. “काका, इथे फारच अडचण होते. आम्ही राहायला आल्यावर हा कॉम्प्युटर बाहेर हॉलमध्ये ठेवू. सगळ्यांना दिसेल.”